लिलावाची चाल

हर्णैला चारच्या लिलावात ह्यांचा आवाज
ढिगाभोवतीच्या गर्दीवरून पार खडपापर्यंत जायचा.
आता दर मंगळवारी दापोलीला, दवाखान्याच्या मागच्या खोलीत,
हे चहाला 'नांगर' म्हणतात,
मला 'ती... ती... दोरी'.
शिव्या तेवढ्या शाबूत. एकही हरवली नाही.
नाझिमा मॅडम म्हणाल्या, असंच असतं,
शिव्या आणि गाणी डोक्यात वेगळ्या खणात ठेवलेली असतात.

आंजर्ल्याच्या वळणावर गाडी घसरली, त्याला चौदा महिने.
हेल्मेट घरी खुंटीला होतं. त्यात मी लसूण ठेवायचे.
हे मॅडमना सांगितलेलं नाही.

त्यांनी टेबलावर बोटं वाजवली : तुमची स्वतःची चाल आहे का एखादी?
हे बराच वेळ पोलिओच्या पोस्टरकडे बघत राहिले.
मग डावा हात उठला, आणि एका दमात
साडेतीनशे, साडेतीनशे, चारशे बोला, चारशेला कोण –
कंपाउंडर डोकावून गेला.
ज्याला 'पाणी' म्हणता येईना
तो माणूस सुरमई विकत होता, नसलेली.

त्याच चालीवर गाणं रचतायत.
मी लिहून घेते, बर्फाच्या पावतीमागे.
पहिल्या ओळीला तीन मंगळवार गेले :
'वाट होती ओली, मी होतो कोरडा.'
खरं तर उलटं होतं. खोडायला गेले
तर मनगट धरलं.
दुसरी एकदम आली :
'उठलो तर तोंड नेलेलं. कोणी नेलं, कितीला नेलं?'
मॅडम चष्मा पुसत बसल्या.

तिसरीत माझं नाव हवं, असं त्यांचं म्हणणं.
घरच्या माणसाचं लवकर येतं म्हणे.
हे ओठ जुळवतात, सोडतात, जुळवतात.
मॅडम वहीत काहीतरी टिपतात.
कसं सांगू त्यांना,
बावीस वर्षांत ह्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही.
'अगो' म्हणाले, 'ऐकलंस काय' म्हणाले.
मी तरी कुठे ह्यांचं घेतलं!
तेव्हा हे हरवलंय
की तोंडात कधी नव्हतंच,
मलाही ठाऊक नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून
तीच ओळ म्हणतात. नावाच्या जागी नुसतं हुं.
दापोली सुटताना दोनदा हुं.
आसूदच्या उतारावर तीनदा.
मी पदराखाली बोटांवर मोजते.
माझं नाव चार अक्षरांचं आहे.
हर्णै यायला अजून वीस मिनिटं.