चलानावरचा फोटो

मेसेज आला तेव्हा मी सातपूरला, जेवणाच्या सुट्टीत.
मुंबई नाका, सकाळी नऊ एकवीस.
गाडी नंबर माझाच. दंड हजार रुपये.
पुन्हा सापडलास तर दहा हजार,
शिरसाठ म्हणाला, डब्याचं झाकण काढता काढता.

लिंक उघडली. फोटोत मी:
हेल्मेटात कोंबलेला फोन,
मान कलती, कुणाच्या खांद्यावर टेकवावी तशी,
आणि हसतोय. दाढा दिसेपर्यंत.
इतका हसतो मी?
लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नाही.

कॉल लिस्ट पाहिली. ओझरचा मुरलीधर, चार मिनिटं.
काय सांगत होता, आठवेना.
भगूरचं काहीतरी. म्हैस, की मेहुणा.

मग दोन बोटांनी फोटो मोठा केला,
स्वतःलाच नीट बघावं म्हणून.
तर कडेला, झेब्राच्या पट्ट्यांवर,
एक बाई. उचललेला पाय तसाच अधांतरी.
मुठीत पोराच्या दप्तराचा पट्टा, मागे खेचलेला,
पोराचे दोन्ही बूट जमिनीपासून वर.
तिचं तोंड उघडं आहे.
ती काय ओरडली, ते फोटोत येत नाही.

नऊ एकवीसला ही दोघं तिथे होती.
मी नव्हतो.

हजार भरले, फोनवरूनच. पावती आली.
शिरसाठ म्हणाला, चला, सुटलास.

संध्याकाळी नाक्यावर सिग्नल हिरवा झाला तरी
मी पाय टेकूनच.
मागून सगळे हॉर्न बडवायला लागले.
खिशात फोन थरथरत होता.
मुरलीधर असेल,
शेवट सांगायचा राहिला होता त्याचा.