पाण्याले जातो

मेडिकलच्या वॉर्ड पाचमध्ये
मे महिन्यात माझा अभ्यास सुरू झाला.
विषय मंजूर, समितीच्या सह्या झालेल्या:
सिकलसेलची मुलं, त्यांचं दुखणं,
आणि पालकांचा आधार. नमुने एकशे वीस.
नमुने म्हणजे लेकरं.
तेव्हा लिहिताना कुठे अडखळले नव्हते,
आत्ता अडखळते.

हातात चेहऱ्यांची पट्टी, लॅमिनेट केलेली.
सहा चेहरे. पहिला हसरा,
सहावा डोळे गाळणारा.
बोट ठेव बाळा, किती दुखतं?
दर दोन तासांनी, पेन्सिलने, तक्ता क्रमांक चार.

बेड अकरा. टिकेश कुमरे, वय सात,
कोरचीकडचं एक गाव,
ज्याचं नाव त्याच्या आईने तीनदा सांगितलं
आणि मी तिन्ही वेळा वेगळं लिहिलं.
गुडघे सुजलेले, सलाईन चालू,
पायाशी खिडकीतला कूलर,
वाळ्याच्या जागी गोणपाट ठोकलेला.
आठ वाजता दुसरा चेहरा.
दहाला दुसरा.
बाराला पाचवा.
दोनला पुन्हा दुसरा, इतका शांत
की वाटलं, मीच पट्टी उलटी धरली होती.

मार्गदर्शक बाई म्हणाल्या, आकडे विसंगत आहेत,
हा नमुना काढून टाक.
मी खोडरबर उचलला. ठेवला.
आणि कडेला एक बारीक रकाना आखला:
आई जवळ आहे / नाही.

चार दिवसांत रकाना बोलू लागला.
सुगरताबाई उशाशी, तर पोरगा दुसऱ्यावर.
ती बाटली घेऊन उठली,
चपलांचा आवाज दाराबाहेर विरला,
की बोट सरकत सरकत पाचव्यावर,
आणि तोंड उशीत.

हे तिला सांगावं कसं?
प्रश्नावलीत तशी जागा नव्हती.
कॉरिडॉरमध्ये गाठून सुरुवात केली,
ताई, तुम्ही नसता ना, तेव्हा टिकेश…
तिने मला पुरतं बोलू दिलं नाही.

“मालूम आहे न बाई.
म्हनूनच त पाण्याले जातो मी.
मी असलो त रडत नाही थो,
दातावर दात धरून राह्यते.
थोडं रडू द्या लागते न लेकराले.”

तेव्हा मी तिच्या हाताकडे पाहिलं.
बाटली गळ्यापर्यंत भरलेली.
सकाळपासूनच असेल.

एवढं पाणी ही माणसं पितात तरी किती,
असं रात्रपाळीची सिस्टर नेहमी म्हणायची.
एका रात्री दोन वाजता मी जिन्याखाली गेले,
थंड पाण्याच्या मशीनपाशी.
भिवापूरची एक, बालाघाटच्या दोघी,
ताजबागची शाहीन,
आणि खांद्यावर टॉवेल टाकलेला एक पोरसवदा बाप.
रांग होती. नळाखालची जाळी कोरडी.
कुणी पदराने नाक पुसत होतं,
कुणी कुणाला रक्तपेढीची खिडकी
किती वाजता उघडते ते सांगत होतं.
झाकणं सगळ्यांची घट्ट.

मी मागे उभी राहिले.
माझ्याकडे बाटली नव्हती, पट्टी होती.
ती पर्समध्ये सरकवली.
भिवापूरची वळून म्हणाली,
“तुमचं कोन हाय भरती?”

“कोनी नाही,” म्हटलं. “पाण्याले आली.”

तिने मान हलवली, जराशी सरकली.
पुढे जायची
कुणालाच घाई नव्हती.