वजनकाटा

निहारच्या खेळातला पंखवाला प्राणी
बार्जएवढा लांब, आणि उडतो कावळ्यासारखा.
सावर्ड्याच्या वजनकाट्यावर सतरा वर्षं काढलेला मी;
सवयीनं विचारलं: रिकामा किती, भरलेला किती?
तो हसला.

मग पावतीच्या पाठीवर मीच मांडलं:
उंची दुप्पट, तर हाडाची ताकद चौपट,
वजन मात्र आठपट.
नडगी मोडेल दुसऱ्याच पावलाला.
आणि पंख हवेत इथून कुडचड्याच्या पुलापर्यंत.

“म्हणजे बाबा, मेला तो?”

पडद्यावर तो कड्यावरून झेपावला,
खाली उतरला, कणभर धूळ उठली नाही.
इथं तर रिकामा टिप्परसुद्धा गाव लाल करायचा.

खाण बंद झाल्यापासून काटा शून्यावर,
वारा आला तर तेवढा थरथरतो.
म्हटलं, थांब,
तिथली जमीन खाली किती ओढते
ते आधी विचारून घे.