राखाडी

विंडसर गावाबाहेर, भुईमुगाच्या पडीक तुकड्यात
गिरमिट फिरवतेय मी. व्हर्लीन स्पेलर
गाडीच्या बॉनेटवर घराचा नकाशा पसरून उभी.

वरची वीतभर माती भुसभुशीत, काळपट;
जुन्या शेंगेचं एक टरफल निघालं तिच्यात.
खाली फिकट, रेताड, धुऊन काढल्यासारखी.
जे काही होतं ते पाण्यानं आणखी खाली नेलेलं.
मग गिरमिट जड झालं.

चिकणमाती. पिवळी, लाल डागांची.
अंगठ्यानं दाबत तिची फीत काढली:
दोन इंच लोंबली, तुटेना.

हातभर खोलीवर राखाडी.
राखाडी म्हणजे हिवाळाभर इथं पाणी तुंबतं,
ऑगस्टात दिसत नसलं तरी.
रंगांच्या वहीतल्या चौकोनाशी ढेकूळ लावून पाहिलं,
दोनदा. मग फॉर्मवर लिहिलं:
शोषखड्ड्यास अयोग्य.

"समुद्र होता ना इथं?" तिनं विचारलं.
होता. गाळ ठेवून गेला.

"आजोबांना ही जमीन विकली, तेव्हा
कुणी खोदून बघायला आलं नव्हतं."
माझ्या हातातली फीत घेतली तिनं, गोळी वळली,
आणि नकाशा उडू नये म्हणून
त्यावर ठेवली.