ब गट

तूर फुलावर आली की आमचा सीझन लागायचा.
जिल्हा कबड्डी, पुरुष, ब गट.
अ गटाला मॅट, बूट, पेपरात फोटो.
आम्हाला शाळेचं मैदान, ढेकळं फोडून, पाणी मारून,
आणि त्यावर मी मारलेली फक्कीची रेघ.

मी खेळलो नाही कधी. गुडघा लहानपणीच गेलता.
पण डालड्याच्या डब्याला खालून भोकं पाडून
तेरा मीटर सरळ चालत जाणं
पंचक्रोशीत मला एकट्यालाच यायचं.

पहिला सामना पाथरीत. हरलो, अकरा गुणांनी.
सिद्धोधन वाव्हळे कप्तान, म्हणाला, बरं झालं,
आता कुणी भिणार नाही आपल्याला.
मानवतला जिंकलो.
सोनपेठला समोरचा संघच आला नाही,
पाच गडी कोयता घेऊन कारखान्यावर गेलते.
गुण मिळाले,
पण येताना मुजम्मिलच्या टेम्पोत कुणी गाणं लावलं नाही.
पालमला काशिनाथ आड्याचा खांदा निखळला;
तो बसवला त्यांच्याच कोपरारक्षकानं,
"पुढच्या चढाईत धरतोच तुला" म्हणत.
धरलंही.

ज्वारी हुरड्यात होती तेव्हा उपांत्य फेरी,
काढणीला आली तेव्हा फायनल.
आमच्याच गावात, जिंतूरकरांशी.
एका रेषापंचाची गाडी झरीपाशी पंक्चर.
दोन्ही कप्तान म्हणाले, ह्याला बसवा,
रेघ ह्याचीच आहे.

शेवटची चढाई. सत्तावीस-अठ्ठावीस.
मुंजाजी गेला.
शाळेची भिंत माणसांनी वाकलेली,
आणि त्याचा दम,
जात्याखाली काहीतरी बारीक होत चालल्यासारखा.
डाव्या कोपऱ्यात भोवरा झाला, दोघांना शिवला,
झेपावत मधली रेघ गाठली.
हलगी कडाडली.

शिवायच्या आधी त्याची टाच
रेघेबाहेर पडलीती.
बोटभर. बोटभरही नाही.

मी हात वर केला.

हलगी थांबायला वेळ लागतो,
आधी एक हात थांबतो, मग दुसरा.
माझा थोरला भाऊ भिंतीवरून उतरला.
पंच म्हणाले, नीट बघितलंस का रे?
मी नुसता हात वरच धरून.
तेवढ्यात मुंजाजी चालत आला,
कुणाकडं न बघता
ओल्या मातीतल्या त्या खळग्यात
स्वतःची टाच ठेवली.
जुन्या वहाणेत पाय जावा तशी बसली.

अठ्ठावीसचे एकोणतीस झाले त्यांचे. शिट्टी.

महिनाभर हॉटेलात मला चहा मिळाला तो बिनसाखरेचा.
भाऊ घरात बोलायचा, पण म्हशीशी.
मुंजाजी तर गावातच नव्हता,
पुण्याकडं कुठंतरी गोदामात पोती मोजत होता म्हणे.

परत तूर फुलली.
डबा मी माळ्यावर टाकलेला, उंदरांनी झाकण नेलेलं.
सकाळी दारात कडी वाजली.
मुंजाजी. हातात नवा डबा, खिळ्यानं भोकं पाडलेला,
खांद्यावर फक्कीची गोणी.

म्हणाला, चल, उजेड आहे तोवर आखून घेऊ.
म्हणलं, मीच?
गोणी खाली ठेवत तो म्हणाला,
यंदा जरा ठळक मार.
मला पाठमोरं दिसत नाही.