एक पेसो

सन्डरलँडच्या इस्पितळात, रात्री दोनच्या सुमाराला,
उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा तर कधीचाच धुक्यात,
मी उताणा पडलेलो, हलायचं नाही या अटीवर.
बाहेर सीगल ओरडत होते,
बाजार उठताना कोळणींनी हुज्जत घालावी तसे.

"झोप नाही?" सिस्टर म्हणाली.
आवाजावरून वय कळेना, गाव कळेना.
नाव विचारलं. लुझ्विमिंदा.
लुझॉन, विसायास, मिंदानाव,
सगळी बेटं जोडून एक मुलगी केली, म्हणाली,
वडिलांना नकाशा परवडत नव्हता.

मी म्हटलं, आमच्याकडे या दुखण्याला मोती म्हणतात.
पिकू द्यायचा, मग काढायचा.
ती हसली. आमच्या देशालाच मोती म्हणतात,
तीनशे वर्षं दुसऱ्याच्या मुठीत होता.

मग माझ्या तळहातावर तिनं एक नाणं टेकवलं.
"बघा," म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.
मी अंगठ्यानं पाहिलं:
भांग, कपाळ, कोटाची कॉलर.

"हा आमचा. डोळ्यांचा डॉक्टर.
स्वतःच्या आईच्या डोळ्याला यानं सुरी लावली,
आणि तिला दिसलं."

ती फेरीवर जायची, परत यायची,
दर वेळी थोडा थोडा माणूस घेऊन.
तलवार चालवायचा. मातीचे पुतळे करायचा.
दोन कादंबऱ्या, ज्या घरात सापडल्या की तुरुंग.
हद्दपार केला त्या गावात नळानं पाणी आणलं,
पोरांना शिकवलं, सरडे पकडून युरोपात धाडले
आणि बदल्यात पुस्तकं मागवली.
बावीस भाषा.
"बावीस?"
"वीस धरा. आमच्या घरात यावरून भांडणं होतात."

माझे वडील म्हणायचे, एक ना धड, भाराभर चिंध्या.
म्हणजे मी.
पेटी दोन वर्षं, होमिओपथी सहा महिने,
जर्मन चौथ्या धड्यापर्यंत.
या माणसाच्या चिंध्यांचा तर झेंडा झाला.

"लंडनला होता तेव्हा," ती पलीकडच्या खाटेवरून म्हणाली,
"थंडीत बसून एक जुनं पुस्तक हातानं उतरवलं, अख्खं.
परके येण्याआधी आम्हाला काय काय येत होतं,
ते त्यात होतं.
जहाजं बांधता येत होती."

मी काही बोललो नाही.
बावीस वर्षं मी इथे जहाजांचे नकाशे काढले,
वेअर नदीच्या काठी.
यार्ड बंद होऊन तीन वर्षं झाली.
आता तिथे कुंपण आहे, आणि पाटी.

"मग?"
"मग काय. डिसेंबरातली सकाळ.
पाठीत गोळ्या घालायच्या होत्या, गद्दाराला घालतात तशा.
पडता पडता वळला. तोंड आभाळाकडे.
पस्तीस वर्षांचा."

तिनं माझं मनगट धरलं होतं, मोजत होती.
"त्याचीही नाडी पाहिली होती कुणीतरी, आदल्या क्षणी.
शांत होती म्हणतात.
तुमची नाहीये."

"आणि तुला गं? तुला काय काय येतं?"
तिचा हात थांबला. बहुतेक कुणी विचारत नसावं.
दात काढता येतात, म्हणाली,
इलोइलोत सहा वर्षं दवाखाना होता माझा,
इथे तो कागद चालत नाही.
केस कापते. चर्चमध्ये ऑर्गन.
तुमच्या डोक्यावरचं घड्याळ जूनपासून बंद आहे,
ते उघडून बघणार आहे आज, कुणाला सांगू नका.
आणि ट्रॉलीचं चाक कुरकुरत लांब गेलं.

सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली.
काय दिसतंय, विचारलं.
खिडकी. इतका पांढरा उजेड की पाणीच आलं.
मग टेबलावर ते नाणं, अंगठ्याला वाटला होता
त्याहून लहान चेहरा, कडेला झिजलेला.
ती नव्हती. पाळी संपली होती तिची.

"आणखी?"
मान मागे वळवली, परवानगी नसताना.
सात वाजून दहा मिनिटं, म्हटलं.
डॉक्टरांनी मनगटावर पाहिलं.
बरोबर होतं.