धक्क्यापाशी

वेग दिला की पळतं.
वेग काढला की दोन आचके, आणि गप्प.
धक्का हातभर अंतरावर असताना
रोज हीच तऱ्हा.

प्लग बदलले. नळीतला रबरी फुगा दाबून पाहिला,
घट्ट होता. पेट्रोलात पाणी नव्हतं.
एवारिस्तो म्हणाला, विकून टाक, ओतिलिया,
चिलोएच्या दमट हवेत लोखंडही कंटाळतं.

मग कार्ब्युरेटर उघडला, जेवणाच्या टेबलावर,
तुझ्या जुन्या बनियनवर एकेक स्क्रू मांडत.
आत मधासारखी पिवळी राळ:
गेल्या हिवाळ्याचं पेट्रोल, आटून बसलेलं.
आणि मंद गतीचं ते भोक,
इतकं बारीक की सुईसुद्धा जाडी ठरली.
भाच्याच्या गिटारची सगळ्यात बारीक तार
चार बोटं कापून घेतली.
(तो अजून बोलत नाही माझ्याशी.)

भोकाला डोळा लावला.
उजेडाचा एक कण.

तेव्हा आठवलं, तू धक्क्यावर नेहमी सुसाट यायचास.
बायका शिंपल्यांच्या टोपल्या उचलून मागे सरायच्या,
म्हणायच्या, मिजास बघा.
फळ्यांवर अजून तुझ्या ठोकरा आहेत.
मीही भांडले त्यावरून, एकदा आठवडाभर.

हळू येता येत नाही,
एवढंच तर सांगायचं होतं.

रविवारी पुन्ता अरेनासला फोन लागतो.
या रविवारी मी बोलणार नाही.
फोन इंजिनाजवळ धरीन:
टक टक टक टक,
दोर अजून सोडलेला नाही,
बोट जागच्या जागी,
आणि ते चालू.